विज्ञानपटातील ब्लास्टरची चालणारी प्रतिकृती : ‘चालणारी’ म्हणजे नेमके काय?

लघुप्रकल्पांसाठी विषय निवडताना विज्ञानपटातील उपकरणांकडे अनेकांचा ओढा असतो. ते स्वाभाविक आहे. या पाठात आपण ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील हान सोलोच्या ब्लास्टरची चालणारी प्रतिकृती कशी बांधता येते ते पाहणार आहोत. लागणारे ज्ञान प्रथम-द्वितीय वर्षाचेच आहे : ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर स्विच, भिंगाचे सूत्र आणि मायक्रोकंट्रोलरचे टायमर. पण सोल्डरिंग गन हातात घेण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो. प्रतिकृती ‘चालते’ असे आपण केव्हा म्हणायचे?

१. मूळ वस्तू काय होती?

चित्रपटातील ते ब्लास्टर कोऱ्या कल्पनेतून घडवलेले नव्हते. ‘माउझर सी ९६’ या जुन्या जर्मन पिस्तुलावर दुर्बीण आणि इतर भाग चढवून ते तयार केले होते. शत्रुसैनिकांच्या हातातील ब्लास्टर ब्रिटिश ‘स्टर्लिंग’ सबमशीनगनवरून बनवले होते. चित्रीकरणात काही शस्त्रांतून गोळीविना काडतुसे उडवली गेली आणि प्रकाशाचे बाण नंतर फिल्मवर चढवले गेले. म्हणजे पडद्यावर जे ‘चालताना’ दिसते ते तीन वेगळ्या ठिकाणी तयार झाले : हातातील वस्तू, ध्वनी आणि प्रकाश.

खऱ्या शस्त्रावरून प्रॉप बनवण्यात धोका असतो. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर प्रॉप म्हणून वापरल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. म्हणून आपण उलट्या दिशेने जाऊ. आपल्या प्रतिकृतीतून काहीही फेकले जाणार नाही आणि तसे फेरफार करण्याची सोयही तिच्या रचनेत नसेल.

लेझरही वापरायचा नाही. पडद्यावरचा बाण लेझर नाहीच : फिल्मची एक चौकट १/२४ सेकंदाची असते आणि तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे १२,५०० किलोमीटर जातो. डोळ्याला धावताना दिसतो तो बाण प्रकाशाचा असूच शकत नाही. शिवाय समोरच्याच्या डोळ्यात लेझर गेल्यास इजा होऊ शकते.

तेव्हा आपली कार्यव्याख्या अशी : चाप ओढल्यावर (क) नळीवर प्रकाश पुढे धावताना दिसावा, (ख) ओळखीचा ‘प्यू’ आवाज यावा, (ग) दहा मीटरवरील लक्ष्याला नेम लागला की नाही ते कळावे, आणि (घ) यातील कशानेही कोणाला इजा होऊ नये. चौथी अट पहिल्या तिन्हींइतकीच रचनेचा भाग आहे.

२. धावणारा प्रकाश

पारदर्शक नळीत सहा लाल एलईडी ओळीने बसवा आणि एकामागून एक १५-१५ मिलिसेकंद पेटवा. एकूण ९० मिलिसेकंद होतात. डोळा सहा ठिपके वेगळे न पाहता एक सरकता प्रकाश पाहतो.

चार एए निकेल-मेटल हायड्राइड सेल एकसर जोडले की ४.८ व्होल्ट मिळतात. गणितासाठी ५ व्होल्ट धरू. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात आणि १८ ते २० मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. म्हणून रेझिस्टर = (५ − २) ÷ ०.०२ = १५० ओहम. एका वेळी एकच एलईडी पेटत असल्याने तो एटीमेगा ३२८पी सारख्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर थेट जोडता येतो.

सुटे लिथियम सेल मात्र टाळा. त्यांचे शॉर्टसर्किट झाले तर आग लागू शकते, आणि हातात घेऊन पळायच्या वस्तूत तारा सुटण्याची शक्यता नेहमीच असते.

३. ‘प्यू’ हा आवाज

या चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी हा आवाज रेडिओ मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडीने ठोकून मिळवला. तो तसा का येतो? जाड, ताठ तारेत उच्च वारंवारतेच्या लहरी नीच वारंवारतेच्या लहरींपेक्षा वेगाने जातात. ठोका एकच, पण दूरच्या टोकाशी आधी तीव्र स्वर पोहोचतो आणि मागाहून खर्जातला. याला अपस्करण म्हणतात. कानाला तो वेगाने खाली घसरणारा स्वर वाटतो.

आपल्याला मनोरा नको, टायमर पुरे. ३००० हर्ट्झपासून ३०० हर्ट्झपर्यंत २०० मिलिसेकंदांत उतरायचे आहे. सरळ रेषेत उतरलात तर मध्यावर १६५० हर्ट्झ येतील आणि आवाज ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल, कारण कान वारंवारतेतील फरक नव्हे, गुणोत्तर ओळखतो. म्हणून दर ५ मिलिसेकंदांनी वारंवारतेला ०.९४४ ने गुणा. चाळीस पायऱ्यांत ती एक-दशांश होते आणि मध्यावर सुमारे ९५० हर्ट्झ असते. दोन्ही प्रकार वाजवून ऐका.

८ ओहमचा स्पीकर पिनला थेट जोडू नका. ५ ÷ ८ म्हणजे ६२५ मिलिअँपिअर प्रवाह मागितला जाईल आणि पिनची मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. मध्ये पीएएम ८४०३ सारखा छोटा अँप्लिफायर घाला.

४. नेम : अवरक्त संकेत

लक्ष्यावर टीव्हीच्या रिमोटसाठी वापरतात तसा टीएसओपी १७३८ हा अवरक्त ग्राहक लावा. तो ३८ किलोहर्ट्झने चालू-बंद होणाराच अवरक्त प्रकाश ओळखतो. त्यामुळे ट्यूबलाइट किंवा खिडकीतून येणाऱ्या उजेडाने तो सहसा फसत नाही. संकेत मिळाला की त्याचे आउटपुट ५ व्होल्टवरून शून्याकडे येते, हे प्रोग्राम लिहिताना लक्षात ठेवा.

९४० नॅनोमीटरच्या अवरक्त एलईडीला पिनचा प्रवाह अपुरा पडतो, म्हणून एनपीएन ट्रान्झिस्टर (उदा. २एन२२२२) स्विचसारखा वापरा. एलईडीवर १.३ आणि ट्रान्झिस्टरवर ०.२ व्होल्ट गेले की ३.५ व्होल्ट उरतात. ३९ ओहमच्या रेझिस्टरने ९० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. बेसला १ किलोओहम लावला की ४.३ मिलिअँपिअर जातात आणि ट्रान्झिस्टर संपृक्त राहतो.

आता बिघाडाचा विचार करा. सामान्यतः एलईडी निम्माच वेळ चालू असतो आणि रेझिस्टर थंड राहतो. पण प्रोग्राम अडकला आणि पिन ‘हाय’ राहिली तर रेझिस्टरमध्ये सतत ०.३२ वॅट उष्णता निर्माण होईल. पाव वॅटचा रेझिस्टर ती सोसणार नाही. म्हणून अर्धा वॅटचा लावा आणि मायक्रोकंट्रोलरचा वॉचडॉग टायमर चालू ठेवा.

संकेताची रचना अशी करता येईल : सुरुवातीला २४०० मायक्रोसेकंदांचा ठोका आणि ६०० चा विराम. नंतर ‘१’ साठी १२०० आणि ‘०’ साठी ६०० मायक्रोसेकंदांचा ठोका, प्रत्येकानंतर ६०० चा विराम. आठ बिटांपैकी पहिले चार खेळाडूचा क्रमांक आणि पुढचे चार त्याचेच उलटे रूप. क्रमांक ५ असेल तर ०१०१ १०१०. दोन्ही अर्धे जुळले नाहीत तर लक्ष्याने संकेत फेकून द्यावा. गंमत अशी की यामुळे प्रत्येक संकेतात चार ‘१’ आणि चार ‘०’ असतात, म्हणून लांबी नेहमी बरोबर १५ मिलिसेकंद येते. तेवढ्या वेळात पहिला लाल एलईडी पेटवून ठेवा आणि आवाज त्यानंतर सुरू करा. हा उशीर कोणाच्या कानाला कळत नाही.

प्रकाश एकवटण्यासाठी एलईडी बहिर्वक्र भिंगाच्या नाभीवर ठेवा. ५ मिलिमीटरचा एलईडी आणि ५० मिलिमीटर नाभीय अंतर असेल तर शलाका ०.१ रेडियनने फाकते, म्हणजे १० मीटरवर सुमारे १ मीटरचा ठिपका पडतो. नाभीय अंतर १०० मिलिमीटर घेतले तर ठिपका निम्मा होतो आणि नेम कठीण. खेळ किती अवघड करायचा ते भिंग ठरवते.

अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही. चाचणी घेताना नळीत डोळा लावून पाहू नका. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, बहुतेक फोनमध्ये एलईडी फिकट जांभळा चमकताना दिसतो.

५. बाह्यरूप आणि जबाबदारी

कवच पीव्हीसी पाइप, लाकूड किंवा थ्रीडी प्रिंटिंगने बनवा. ते दोन अर्ध्यांत, स्क्रूने उघडेल असे असावे, कारण दुरुस्ती लागणारच. पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका.

रंगाबाबत मात्र तडजोड नको. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार खेळण्यातील बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी खूण लागते. तुम्ही त्यापुढे जा : संपूर्ण कवच पांढरे-नारिंगी ठेवा. हुबेहूब काळी प्रतिकृती प्रदर्शनाच्या टेबलावर छान दिसेल, पण रेल्वे स्थानकावर बॅगेतून डोकावली तर पाहणाऱ्याला आतला एलईडी दिसणार नाही. ती बंद पेटीतून न्या, महाविद्यालयाला आधी लेखी कळवा आणि विमानाच्या केबिनमध्ये नेऊ नका. तेथे खेळण्यातील बंदुकाही चालत नाहीत.

अहवाल लिहिताना अट (घ) साठी स्वतंत्र प्रकरण ठेवा. आपली वस्तू काय करते ते सगळेच लिहितात. ती काय करू शकत नाही, आणि का करू शकत नाही, हेही परीक्षकाला दाखवता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. बॅटरी ४.८ ऐवजी ६ व्होल्टची घेतल्यास अवरक्त एलईडीचा प्रवाह आणि ३९ ओहमच्या रेझिस्टरमधील कमाल उष्णता किती होईल?

२. आवाज २०० ऐवजी ३०० मिलिसेकंदांत ३००० वरून ३०० हर्ट्झवर आणायचा असल्यास दर ५ मिलिसेकंदांचा गुणक काढा.

३. दोन खेळाडूंनी एकाच क्षणी एकाच लक्ष्यावर नेम धरला तर ग्राहकाला काय मिळेल? दोन्ही अर्धे ताडून पाहण्याची पद्धत अशा वेळी कितपत उपयोगी पडेल?