दफ्तरात न सापडलेली मुलं

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९६८च्या शरद ऋतूत सुमारे ३५ मेक्सिकन-अमेरिकन मुलंमुली दाखल झाली. बहुतेक जण कॅस्केड पर्वतरांगेपलीकडच्या याकिमा खोऱ्यातले. सफरचंदं, हॉप्स आणि साखरबीट पिकवणारं हे खोरं मेक्सिकन मजुरांच्या श्रमावर उभं राहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा सरकारी करारावर मेक्सिकोतून ‘ब्रासेरो’ मजूर आणले गेले. टेक्सासमधली कुटुंबं हंगामामागून हंगाम धरत उत्तरेकडे सरकली आणि इथेच स्थिरावली. त्यांच्या मुलांना विद्यापीठाचं दार मात्र आपोआप उघडलं नाही. २० मे १९६८ रोजी कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने अध्यक्ष चार्ल्स ओडेगार्ड यांच्या कार्यालयात ठिय्या दिला. वगळल्या गेलेल्या सगळ्याच समाजांतले विद्यार्थी घ्या, ही त्यांची मागणी होती. त्या ठिय्यानंतर विद्यापीठाची माणसं विद्यार्थी शोधत याकिमापर्यंत पोचली.

ही हकिगत आज आपल्याला सलगपणे वाचता येते, याचं मोठं श्रेय पुढच्या पिढीतल्या विद्यार्थ्यांचं आहे. प्राध्यापक जेम्स ग्रेगरी यांच्या पुढाकाराने २००४च्या सुमारास ‘सिअ‍ॅटल नागरी हक्क आणि कामगार इतिहास प्रकल्प’ सुरू झाला. पदवीच्या वर्गातल्या मुलांनी आपल्याच विद्यापीठाची जुनी कागदपत्रं उपसायची, चळवळीतल्या माणसांच्या मुलाखती चित्रित करायच्या आणि त्यावर लिहिलेले निबंध सर्वांसाठी खुले करायचे, असं कामाचं स्वरूप. गुण मिळाले की एरवी कपाटात जाणारं हे लेखन इथे वॉशिंग्टन राज्यातल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, चळवळीचा पायाभूत इतिहास बनलं.

काम सोपं नव्हतं. संस्थेचं अभिलेखागार मुळात संस्थेच्या सोयीने घडतं. कार्यालयात आलेली पत्रं, समित्यांची इतिवृत्तं, अंदाजपत्रकं. विद्यार्थ्याचा आवाज तिथे उमटतो तो निवेदन देताना किंवा तक्रारीचा विषय होताना. बरं, १९६८च्या आधी इथे लॅटिनो विद्यार्थी होते का, हे तरी कसं ठरवायचं? अमेरिकेच्या जनगणनेने १९३० साली ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश मानला आणि १९४०मध्ये त्यांना पुन्हा गोऱ्यांत धरलं. वंशाच्या रकान्यावरून माणूस हाती लागत नाही. मग आडनावं पाहावीत, तर सिअ‍ॅटलमध्ये फिलिपिनोंची जुनी आणि मोठी वस्ती, आणि त्यांचीही आडनावं स्पॅनिश. गोव्यातल्या फर्नांडिसला नावावरून पोर्तुगीज ठरवावं, तशी गत. जुन्या वार्षिकांकातलं एक नाव पक्कं करायला जन्मगाव, संघटना, छायाचित्राखालची ओळ असे तीन-चार कागद जुळवावे लागतात. अभिलेखागाराच्या वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी टेबलावर एक पेटी, तिच्यातली एकच फाइल, आणि कागदांचा क्रम जराही बिघडवायचा नाही. या चिकाटीची सवय विसाव्या वर्षी लागणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

या शोधात विद्यार्थ्यांच्या दैनिकाने सर्वांत जास्त हात दिला. ‘द डेली’च्या अंकांमधून द्राक्षांच्या लढ्याची तारीखवार साखळी लागते. कॅलिफोर्नियात डेलानो इथे ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलिऑंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी संप केला. आठवडाभराने सेझार चावेझ यांची शेतमजूर संघटनाही संपात उतरली. पुढे देशभर द्राक्षांवर बहिष्काराची हाक गेली. याकिमाहून आलेल्या मुलांनी स्थापलेल्या ‘युनायटेड मेक्सिकन अमेरिकन स्टुडंट्स’ने ती उचलली. विद्यापीठाच्या खाणावळींत द्राक्षं नकोत, एवढी साधी मागणी. कृष्णवर्णीय आणि डाव्या संघटना सोबत आल्या, आणि फेब्रुवारी १९६९मध्ये विद्यापीठातली द्राक्षविक्री थांबली. असा निर्णय देशात इतक्या लवकर घेणारी विद्यापीठं फारच थोडी होती. आल्याला वर्षही न झालेल्या ३५ मुलांनी हे घडवलं! डेलानोच्या मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या त्या जुलै १९७०मध्ये.

१९६८च्या त्याच तुकडीतले एराज्मो गॅम्बोआ पुढे याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. वायव्य अमेरिकेतल्या ब्रासेरो मजुरांवरचं त्यांचं पुस्तक १९९०मध्ये आलं. मजुरांच्या वस्तीतून आलेला मुलगा सरकारी दप्तरांत शिरून त्या मजुरांचा इतिहास बाहेर काढतो, हे मला त्या बहिष्काराइतकंच मोठं यश वाटतं.

कागद कोणी जपले यावर माणूस कसा आठवला जातो हे ठरतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण याच राज्याशी जोडलेलं आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे वॉशिंग्टन राज्याच्याच कृषी महाविद्यालयात शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी संस्थेत प्राध्यापक झाले. ब्रिटिशांच्या लेखी ते गदर या क्रांतिकारी पक्षाचे बंडखोर. मक्यावर संशोधन करणारे, शेतकऱ्यांच्या मोफत शाळांसाठी झटणारे खानखोजे आपल्याला भेटतात ते कन्या सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या चरित्रात आणि वीणा गवाणकरांच्या ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’मध्ये.

सिअ‍ॅटलच्या प्रकल्पातल्या विद्यार्थ्यांनी मुलाखतींवर एवढा भर दिला तो याचसाठी. बैठक कधी झाली, ठराव काय झाला, हे कागद सांगतो. रानातून थेट वसतिगृहात आलेल्या मुलीला पहिल्या सत्रात काय वाटलं, घरी पैसे कोण पाठवत होतं, हे तिलाच विचारावं लागतं. आठवणींत तारखा सरकतात, म्हणून मुलाखत पुन्हा दैनिकाच्या अंकांशी ताडून पाहायची. पत्रकं, बिल्ले, छायाचित्रं अशा कितीतरी गोष्टी चळवळीनंतर विद्यापीठात न जाता लोकांच्या घरीच राहतात. १९६८ साली अठरा वर्षांची असलेली ती मुलं आता पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या घरच्या पेट्या नातवंडं आवरायला काढतील, त्याआधी कुणीतरी तिथे पोचायला हवं.