जांभळा रंग उतरतो तेव्हा

एखाद्या शास्त्रज्ञाचे काम किती मोलाचे, हे ठरवायचे कसे? यावर हल्ली एक सोपे उत्तर दिले जाते. त्याच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला, ते मोजा! वनस्पतींतील प्रतिऑक्सिडीकारकांच्या संशोधनातील एका उदाहरणावर आपण हे उत्तर तपासून पाहू.

आधी प्रतिऑक्सिडीकारक म्हणजे काय ते पाहू. रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन एकटा उरला, तर त्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. बहुतेक मुक्त मूलके अतिशय क्रियाशील असतात. शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजनचा अणू हिसकावून ती आपली जोडी पुरी करतात. मग तो शेजारी मूलक बनतो आणि साखळी सुरू होते. डब्यातले तेल खवट होते ते अशाच साखळीमुळे. स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडणारा पदार्थ म्हणजे प्रतिऑक्सिडीकारक. आवळ्यातले क जीवनसत्त्व, चहातली कॅटेचिने, हळदीतले कर्क्युमिन ही आपल्या ओळखीची उदाहरणे.

पण कोणता पदार्थ किती प्रभावी, हे मोजायचे कसे? क्षणभरही न टिकणारे मूलक परीक्षानळीत धरून ठेवता येत नाही. १९५८ साली अमेरिकेतील मार्सडेन ब्लॉइस यांनी 'नेचर' साप्ताहिकातील एका छोट्या लेखात यावर युक्ती सुचविली. डायफिनाइल पिक्रिल हायड्रॅझिल, थोडक्यात डीपीपीएच, हे अपवादात्मक मूलक आहे. ते बाटलीत भुकटीच्या रूपात टिकते. अल्कोहोलमधील त्याचे द्रावण गडद जांभळे असते. हायड्रोजन देणारा पदार्थ त्यात घातला, की एकट्या इलेक्ट्रॉनला जोडी मिळते आणि द्रावण पिवळसर होते. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण किती घटले ते मोजले, की झाले!

ब्लॉइस यांनी नमुन्यादाखल सिस्टीन हे अमिनो आम्ल वापरले होते. पुढे १९९५ मध्ये फ्रान्समधील ब्रँड-विल्यम्स, क्युव्हेलिए आणि बेर्से यांनी ही पद्धत अन्नघटकांसाठी नीट बसविली. क जीवनसत्त्वाची अभिक्रिया झटपट उरकते, तर काही पदार्थांना तासन्‌तास लागतात, हेही त्यांनी दाखविले.

आज या दोन्ही लेखांचे उल्लेख प्रत्येकी दहा हजारांच्या पुढे गेले आहेत. का बरे? थोडी भुकटी, मेथॅनॉल आणि रंगाची तीव्रता मोजणारे उपकरण एवढ्यावर काम भागते. कोणत्याही पानाफुलाचा अर्क घ्यावा आणि मोजावे. म्हणजे हे उल्लेख बहुतांशी 'आम्ही ही पद्धत वापरली' एवढेच सांगतात. युजीन गारफील्ड यांची उल्लेखसूची १९६४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हे पुनःपुन्हा दिसले आहे. २०१४ मधील मोजणीत सर्वाधिक उल्लेखांचा निबंध ठरला तो प्रथिने मोजण्याची रीत सांगणारा, लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा. त्याचे उल्लेख तीन लाखांहून अधिक होते!

उपयुक्त पद्धत देणे ही मोठीच कामगिरी. मात्र पद्धतीचे उल्लेख हजारोंनी झाले, म्हणून तिने मोजलेला प्रत्येक अर्क औषध ठरत नाही. परीक्षानळीत पोट नाही, यकृत नाही, रक्तही नाही. खाल्लेला पदार्थ किती शोषला जातो, त्याचे रूपांतर कशात होते, हे रंग उतरण्यावरून कळत नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. प्रतिऑक्सिडीकारक म्हणून गाजलेल्या बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या त्यांतील काहींना दिल्या होत्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तो उलटाच. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त होते. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या प्रतिऑक्सिडीकारक क्षमतेचे आपले कोष्टक मागे घेतले. परीक्षानळीतल्या आकड्यांचा जाहिरातींत गैरवापर होत होता.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. जखमेवर लावायचे तपकिरी आयोडीनचे औषध पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचे करा. त्यात लिंबाचा किंवा आवळ्याचा गाळलेला रस थेंबाथेंबाने घाला आणि रंग जाईपर्यंतचे थेंब मोजा. आयोडीन हे मुक्त मूलक नव्हे. पण रंग उतरण्यावरून मापन कसे करतात, ते यातून समजेल. मग विद्यार्थ्यांना विचारा: कमी थेंबांत रंग घालवणारा रस आरोग्याला अधिक चांगला, असे म्हणता येईल का? म्हणायचे असेल, तर आणखी कोणते प्रयोग करावे लागतील? त्यांनी सुचविलेल्या प्रयोगांची यादी फळ्यावर लिहून घ्या आणि त्यावर वर्गात चर्चा होऊ द्या.