बोटभर खाली

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वृत्ते, अलंकार आणि शब्दांच्या व्युत्पत्त्या यांत वीस वर्षे गेली. मोटारगाडीच्या पोटातले मला विचारणे म्हणजे गवयाला गवंडीकाम विचारण्यासारखे आहे. तरीही गेल्या मे महिन्याच्या सुटीत तीन आठवडे मी दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही. विचार केला तो स्प्रिंगांचा. त्याची ही हकीकत.

माझी थोरली बहीण गेली पंचवीस वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहते. तिचा मुलगा तिकडेच वाढला, शिकला आणि नोकरीला लागला. पहिल्या वर्षाच्या शिलकीतून त्याने एक जुनी दोन आसनी माझदा एमएक्स-५ घेतली. छोटी, वजनाला जेमतेम हजार किलो, टप उघडता येणारी. हे घराणे मोठे प्रसिद्ध आहे. पहिली गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि २०१६ पर्यंत जपानच्या कारखान्यातून अशा दहा लाख गाड्या बाहेर पडल्या. भाच्याची गाडी दुसऱ्या पिढीतली, २००३ सालची.

मी पोहोचलो त्याच रात्री ताईने मला स्वयंपाकघरात गाठले. “तो गाडी खाली बसवणार म्हणतोय. तूच समजाव त्याला. तुझं ऐकतो तो.”

“खाली बसवणार म्हणजे?”

“ते त्यालाच विचार. मला एवढंच कळतं की चांगली चालती गाडी हा बिघडवणार.”

सकाळी भाच्याने मला गाडीपाशी नेले. चाकाच्या वर, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये जी पोकळी असते तिच्यात त्याने हात घातला. “मामा, बघा. चार बोटं जातात. दोनच जायला हवीत. स्प्रिंगा बदलल्या की गाडी कशी जमिनीला चिकटून बसेल!”

“कशासाठी?” मी विचारले.

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, “दिसायला.” थोड्या वेळाने म्हणाला, “आणि वळणावरही बरी धरेल.”

वाचकहो, नवशिक्याची सारी अडचण या दोन उत्तरांत आहे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. गाडी खाली आली की तिचा भार जमिनीजवळ येतो आणि वळणावर ती कमी कलते. पण दिसण्यासाठी किती खाली हवी आणि चालण्यासाठी किती, या दोन मापांचा मेळ बसत नाही. भाच्यापुढे मार्ग तीन होते. एका मित्राने त्याला वापरलेल्या स्प्रिंगा फुकट देऊ केल्या होत्या. त्या गाडी ६० मिलिमीटर खाली आणणाऱ्या होत्या आणि त्यांना कागदपत्र नव्हते. दुसरा मार्ग नव्या स्प्रिंगांचा. जर्मनीच्या झाउअरलांड भागात फिनेनट्रोप आणि लेनेश्टाट या शेजारच्या गावांत आयबाख आणि एच अँड आर ही स्प्रिंगांची दोन नामांकित घराणी आहेत, त्यांतले पहिले १९५१ पासूनचे. अशा नव्या स्प्रिंगा साधारण ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या मिळत होत्या. तिसरा मार्ग ऐकून मात्र माझ्या छातीत धस्स झाले. तो म्हणाला, “नाहीतर आहेत त्याच कापायच्या. एक वेढा कमी केला की झालं.”

मी त्या वेळी काही बोललो नाही. त्याला एवढेच म्हणालो, “आधी मला स्प्रिंग म्हणजे काय ते समजावून दे.”

संध्याकाळी तो वही घेऊन बसला. स्प्रिंगेवर जितका भार, तितकी ती दबते. भार दुप्पट, तर दबणेही दुप्पट. हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा. त्याने तो १६७६ मध्ये चौदा अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि दोन वर्षांनी त्याची उकल केली, म्हणजे शोधाचा मान आपल्याकडे राहावा आणि गुपितही फुटू नये. आपल्या कूटश्लोकांची आठवण होऊन मला हा गृहस्थ एकदम जवळचा वाटला आणि पुढचे गणित मी कान देऊन ऐकले.

स्प्रिंगेचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या रुंदीवर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो. वेढे कमी झाले की ती कडक होते. दहाचे आठ झाले तर सव्वापट. मला वाटत होते की कापलेली स्प्रिंग मऊ पडत असेल. तसे नाही. पण कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यावर लोंबले की अशी स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते.

“आता खरी गोष्ट,” भाचा म्हणाला. चाक वर उचलले जाते तेव्हा स्प्रिंग दबते. दबता दबता शेवटी रबराचा एक ठोकळा लागतो, म्हणजे लोखंडावर लोखंड आदळत नाही. उभ्या गाडीपासून त्या रबरापर्यंत चाकाला जी मोकळीक असते तीच धक्का पचवण्याची जागा. भाच्याच्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये ती मुळातच थोडी असते, हे जाणकारांना ठाऊक आहे. हिशेब सोपा पडावा म्हणून आम्ही ती ६० मिलिमीटर धरली.

“मग मित्राच्या स्प्रिंगांनी गाडी ६० खाली आली, तर उरलं काय?” मी विचारले.

भाच्याने पेन्सिल खाली ठेवली. काहीच उरत नव्हते. गाडी उभ्या उभ्याच रबरावर बसणार होती. महिनाभर तो त्या स्प्रिंगांची स्वप्ने पाहत होता, पण ही वजाबाकी त्याने केली नव्हती.

“बरं, ३० वाल्या?”

निम्मी मोकळीक उरते. मला वाटले, मग धक्का पचवण्याची ताकदही निम्मी राहील. तिथे मी चुकलो. स्प्रिंग जो जोर पोटात घेते तो दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मे, तर पचनशक्ती चौथाई. तोच धक्का पेलायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. गाडी खाली आणणाऱ्या तयार स्प्रिंगा इतक्या कडक नसतात. सव्वापट धरली तरी ताकद शेकडा ३१ उरते, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचे काम रबरावर पडते. वळणाच्या मध्यावर रबर लागले की तो कोपरा एकाएकी ताठ होतो आणि चाकाची पकड सुटू शकते. मूळ हेतू पकड वाढवण्याचा, आणि फळ असे!

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी ताईच्या देखत त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी वीस वर्षांत घरात कुणाला सांगितली नव्हती.

मी एम.ए.ला होतो तेव्हा माझ्या एका मित्राने जुनी छोटी मोटार घेतली होती. सिनेमातल्या गाडीसारखी ती खाली दिसावी ही त्याची हौस. आम्ही ती एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला. मित्र खूश झाला. मी बाजूला उभा होतो. मी म्हणालो, “अजून अर्धा काप की! आता कुठे रंग चढतोय.” मिस्त्रीने कापला. पावसाळ्यात आम्ही चिपळूणहून कराडला निघालो. कुंभार्ली घाटात एका वळणावर खड्डा आला. बाहेर राहायला हवे ते चाक दणकन आदळले, उसळले आणि गाडी सरकत कठड्यावर गेली. कठडा होता म्हणून मी हे लिहितो आहे. माझ्या भुवईवर चार टाके पडले. मित्राची मांडी मोडली. आजही जिना उतरताना तो हाताने कठडा धरतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, आणि ‘अजून अर्धा’ हे माझे शब्द त्याला आठवतात की नाही, हे विचारण्याचे धाडस मला आजवर झाले नाही.

ताई उठून आत गेली. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, मग तुम्ही सांगा, नकोच का?”

खरे तर ताईला हेच उत्तर हवे होते आणि मला ते देता आले असते. पण ज्याला वळणाची गोडी लागली आहे त्याला ‘नको’ म्हटल्याने तो थांबत नाही. तो फक्त विचारायचा थांबतो. मी म्हणालो, “नको नाही. पण पोकळी बोटांनी मोजू नकोस.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. किती खाली, हा प्रश्न शेवटी ठेवला. आधी गाडीची तपासणी केली. शॉकअ‍ॅब्सॉर्बर इतके जुने होते की कोपरा दाबून सोडला की गाडी दोन-तीन झोके घेई. या नावानेच लोक फसतात, असे भाषेचा माणूस म्हणून मला वाटते. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअ‍ॅब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळी घेते, म्हणून थकलेल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरवर नवी स्प्रिंग चढवणे म्हणजे तरणा बैल म्हाताऱ्या गड्याच्या हाती देणे. शेवटी स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकमेकांसाठी बेतलेला संच निवडला. उतार २५ मिलिमीटर; त्याच संचात रबर १० मिलिमीटरने आखूड. म्हणजे मोकळीक ४५, आणि स्प्रिंग सव्वापट धरली तर ताकद मूळच्या शेकडा ७०. पैसे नुसत्या स्प्रिंगांच्या कितीतरी पट पडणार होते. भाच्याने आणखी दोन महिने थांबून साठवायचे ठरवले.

कागदपत्रांचा प्रश्नही होता. जर्मनीत असा बदल केला की मान्यताप्राप्त तपासनिसाकडून तो पास करून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. या कामाची सर्वांत नामांकित संस्था म्हणजे ‘ट्युफ’. तिचे मूळ वाफेच्या बॉयलरात आहे. १८६५ मध्ये मानहाइमच्या एका दारूभट्टीत बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनी स्वतः तपासणीसाठी मंडळ काढले. अपघातातून शहाणपण घ्यायला त्यांना एक वर्ष लागले. मला वीस लागली. आपल्याकडचा कायदा याहून कडक आहे. नोंदणीतले तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा हे वाचून कुणी पुण्यात स्प्रिंगा शोधू नयेत.

मी परत आलो. ऑगस्टमध्ये भाच्याने फोनवर सारा वृत्तान्त सांगितला. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतते, म्हणून काढण्या-घालण्याचे काम त्याने मिस्त्रीकडून करवून घेतले आणि आपण शेजारी उभा राहिला. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचे आवळले, कारण चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते. थोडी चालवून, स्प्रिंगा बसू देऊन, मग चाकांचा कल आणि दिशा जुळवून घेतली, दिव्यांचा झोत सारखा केला. तपासनिसाने मोजमाप करून बदल मंजूर केला.

“आणि दिसते कशी?” मी विचारले.

तो हसला. “तीन बोटं जातात, मामा. मित्र म्हणतात, काही फरकच नाही. पण वळणावर मला कळतं.”

मग फोन ताईने घेतला. म्हणाली, “काल मला बाजारात घेऊन गेला. रस्त्यात तो एक उंचवटा आहे ना, त्यावर हळू केली त्याने गाडी. न सांगता.”

त्या दिवशी मी कॉलेजातून येताना मित्राच्या घरी गेलो. तो जिना उतरून खाली आला, कठडा धरून. चहा घेताना मी त्याला ते ‘अजून अर्धा’ आठवते का, असे विचारले.

तो म्हणाला, “आठवतं. अरे, पण गाडी माझी होती.” आणि त्याने माझ्या पुढ्यात बिस्किटांची बशी सरकवली.