बूट बाहेर, बॅट आत

न्यूयॉर्क यँकीजला जॅक एलियट नकोसा झालाय. वय वाढलंय, फटके चुकू लागलेत, गुर्मी मात्र शाबूत आहे. संघ त्याची रवानगी थेट जपानला करतो, नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्सकडे. फ्रेड शेपिसी दिग्दर्शित ‘मिस्टर बेसबॉल’ (१९९२) हा विनोदी चित्रपट इथून सुरू होतो. टॉम सेलेकने रंगवलेला धिप्पाड जॅक संघाच्या खोलीत बुटांसकट घुसतो. पत्रकारांपुढे तोंडाला येईल ते बोलतो आणि बिचारा दुभाषा त्याचं गोड, नम्र भाषण करून टाकतो.

खरी ठिणगी पडते ती व्यवस्थापक उचियामासमोर. ही भूमिका केन ताकाकुरा यांची. जॅकला प्रत्येक चेंडू मैदानाबाहेर भिरकवायचा, म्हणजे ‘होमरन’ ठोकायचा असतो. उचियामाला हवी असते शिस्त, घाम गाळणारा सराव आणि वेळ आली तर ‘बंट’. म्हणजे बॅट फिरवायची नाही, चेंडूपुढे नुसती धरायची. आपण बाद झालो तरी बेसवरचा सहकारी पुढे सरकला पाहिजे. शेवटी उचियामाचाच होमरनचा विक्रम मोडायची संधी समोर असताना जॅक बंट करतो आणि संघ जिंकतो. पाहुणा शहाणा झाला, गोष्ट संपली.

प्रत्यक्षात मात्र शहाणं व्हायची पाळी यजमानांवरही आली. १९५१मध्ये हवाईहून वॉली योनामिने टोकियोच्या योमिउरी जायंट्समध्ये आला. बेस गाठताना समोरच्याच्या पायांत घसरत घुसायची त्याची आक्रमक पद्धत सुरुवातीला तिथे अनेकांना खटकली. पुढे तीच जपानी खेळाडूंनी उचलली. याच योनामिनेच्या हाताखाली १९७४मध्ये ड्रॅगन्सने, जॅकच्याच संघाने, लीग जिंकली आणि जायंट्सची सलग नऊ वर्षांची सद्दी मोडली.

१९८५ची गोष्ट इतकी गोड नाही. हानशिन टायगर्सच्या अमेरिकन रँडी बासचे ५४ होमरन झाले होते. सादाहारू ओह यांचा एका हंगामातला ५५चा विक्रम हाकेच्या अंतरावर होता. शेवटचा सामना जायंट्सशी आणि त्यांचे व्यवस्थापक खुद्द ओह. गोलंदाजांनी बासला मारण्याजोगा चेंडू जवळजवळ दिलाच नाही. सेहवाग ९९वर असताना श्रीलंकेच्या रणदिवने टाकलेला नो-बॉल आठवणाऱ्यांना हा डाव समजावून सांगायला नको. गंमत अशी, की ज्यांचा विक्रम परक्यांपासून जपला जात होता, ते ओह चिनी वडिलांचे पुत्र. जपानचं नागरिकत्वही त्यांच्याकडे नव्हतं.

ही कोंडी फुटायला २०१३ उजाडलं. कुरासाव बेटावरच्या व्लादिमिर बालेन्टिनने याकुल्ट स्वॅलोजकडून खेळताना ६० होमरन ठोकले. जॅकला जपान एका हंगामात उमगला. परदेशी खेळाडूच्या नावावर विक्रम बघायची सवय व्हायला जपानला, बासपासून मोजलं तरी, २८ वर्षं लागली. तो विनोदी चित्रपट अजून कोणी काढलेला दिसत नाही.