काखेतील काळेपणा : तक्रार आणि तपास

बिनबाह्यांचा पोशाख रूढ होत गेला, तसतसे काखेतील केस काढणे हे स्त्रियांच्या प्रसाधनातील नित्याचे कर्म बनले. अमेरिकेत जिलेट कंपनीने १९१५ साली खास स्त्रियांसाठी वस्तरा विक्रीस आणला, तोही याच फॅशनच्या सुमारास. परंतु केस गेले तरी काख उजळत नाही, उलट अधिकच सावळी दिसते, ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. आणि तिच्यावर त्वचा खसखसून घासण्याचा जो इलाज सर्रास केला जातो, तोच पुष्कळदा मूळ दुखणे वाढवतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की दिसणारा सगळाच काळेपणा त्वचेचा नसतो. वस्तरा केस मुळासकट काढीत नाही, केवळ पृष्ठभागाशी छाटतो. त्यामुळे ज्वारीच्या कापणीनंतर शेतात धसकटे राहावीत तसे केसांचे खुंट आत राहतात आणि त्यांची करडी छाया वरच्या पातळ थरातून दिसत राहते. दिवसाच्या उजेडात हात वर करून दोन बोटांनी कातडी ताणून पाहावी : सुटे सुटे ठिपके दिसले तर तो केसांचा रंग, आणि सलग तपकिरी छटा दिसली तर ते मेलॅनिन या रंगद्रव्याचे काम. पहिल्या प्रकारावर कोणत्याही मलमाची मात्रा चालत नाही. तेथे लेझरने केसांची मुळे क्षीण करणे हाच त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय.

दुसऱ्या प्रकाराचे मूळ दाहात असते. बोथट पाते, कोरड्या कातडीवर उलटसुलट ओढलेला वस्तरा, त्यावर तत्काळ फवारलेला सुगंधी डिओडरंट आणि घट्ट कपड्यांचे घर्षण, यांनी चिडलेली त्वचा अधिक रंगद्रव्य निर्माण करते, आणि गव्हाळ व सावळ्या वर्णात ही प्रवृत्ती विशेष असते. उजळण्यासाठी चोळलेले लिंबाचे आम्ल आणि खाण्याच्या सोड्याचा क्षार हे दोन्ही अशा त्वचेला आणखी चिडवतात. म्हणून स्नानाच्या अखेरीस, त्वचा मऊ झाल्यावर, भरपूर फेस लावून, धारदार पात्याने, हलक्या हाताने केस काढावेत. काखेतले केस अनेक दिशांना वाढतात, तेव्हा त्या त्या दिशेने पाते फिरवावे. नंतर सुगंधरहित मॉइश्चरायझर लावावे, आणि डिओडरंटला एक दिवसाची रजा द्यावी.

डाग निवळण्यास कित्येक महिन्यांची मुदत लागते. नायसिनामाइड किंवा अझेलेइक आम्ल असलेली मलमे या कामी साहाय्यक ठरतात. मात्र गोरेपणाच्या नावाखाली सल्ल्यावाचून वापरलेली स्टेरॉइडयुक्त मलमे काखेसारख्या नाजूक जागी कातडी पातळ करतात व कायमचे वळ उमटवतात. शासनाने २०१८ साली अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये असा हुकूम काढला, तो याच कारणास्तव.

आणि काळेपणाबरोबर त्वचा जाड, मखमली झाली असेल, मानेवरही तशीच पट्टी उमटली असेल, तर वस्तऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. हे बहुधा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे लक्षण असते. रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण वजन आणि साखर आटोक्यात आल्यावर ही त्वचा बहुधा कोणत्याही लेपाशिवाय निवळू लागते.