गाडीत पक्का चार्जिंग पोर्ट बसवताना

मेहुण्याच्या जुन्या हॅचबॅकमध्ये मागच्या सीटसाठी यूएसबी-सी पोर्ट नुकताच बसवून दिला. ते पाहून बरेच जण विचारताहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

गाडीची वायरिंग १२ व्होल्टची. फोनला साधारण ५ ते ९ व्होल्ट लागतात, टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपना २०. हा बदल पोर्टमधलं सर्किटच करतं. त्यामुळे पोर्टला थेट १२ व्होल्टची लाइन द्यायची.

ती घ्यायची फ्यूज बॉक्समधून, फ्यूज टॅप लावून. चावी फिरवल्यावरच करंट येतो असा फ्यूज मल्टिमीटरने शोधा. कायम चालू लाइनवर पोर्ट जोडला, तर काहीही न लावताही तो थोडा करंट खातो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

एअरबॅग, एबीएस आणि ईसीयूच्या फ्यूजना मात्र हात लावू नका.

हिशेब सोपा: वॅट भागिले व्होल्ट. ४५ वॅटचा पोर्ट तोटा धरून सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेतो. त्याला ७.५ अँपिअरचा फ्यूज आणि १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते.

मल्टिमीटरचं काम झालं की बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मगच जोडणी करा. अर्थ बॉडीच्या बोल्टला द्या, तिथला रंग खरवडून. वायर स्लीव्हमधून न्या. सीटच्या रुळाखाली ती चेपते.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

काही अडलं तर गाडीचं मॉडेल आणि फ्यूज बॉक्सचा फोटो कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो.