सायकलवरून आपलाच मुलूख
लातूर ते नांदेड : सहा दिवस, चार नद्या आणि एक जुना हिशोब

तुमच्या माळवदावर, गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली एखादी जुनी सायकल नक्कीच पडलेली असेल. चाकात हवा नाही, साखळी गंजलेली, सीटवर कोंबडी बसलेली. भंगारवाला आला की तिची आठवण होते. माझीही सायकल अशीच पडून होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी पगारातून पैसे साठवून घेतलेली, काळी, दांडीची. तिच्यावरूनच मी आठ-दहा गावांना शेतीचे चार शब्द सांगत हिंडलो. पुढे मोटारसायकल आली, नंतर जीप आली, आणि सायकल जिन्याखाली गेली.

मागच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी रक्त तपासले आणि म्हणाले, साखर वाढली आहे, हालचाल वाढवा. घरी येऊन मी सायकल बाहेर काढली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, वय काय आपलं!" महिनाभर रोज सकाळी गावाबाहेर जाऊन येऊ लागलो. पाय मोकळे झाले. मग मनात आले की रजा काढून लातूरहून नांदेडला जावे. तेही सरळ हमरस्त्याने नव्हे, तर औसा, निलंगा, उदगीर, देगलूर, मुखेड, कंधार असा वळसा घेऊन. अंतर होते सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. सोबतीला भाचा तयार झाला. वय बावीस, स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश, आणि बापाशी जमिनीवरून रोज वाद. त्याचे म्हणणे, शेत बटाईने द्यावे, जनावरे विकावी आणि आपण पुण्याला कंपनीत जावे. मी म्हटले, "आधी सहा दिवस माझ्याबरोबर चल, मग काय ते ठरव."

सायकलवरून लांब जाणे हे काही नवे खूळ नाही. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले होते. त्यांपैकी तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्या मानाने आमचे नांदेड म्हणजे शेजारचे घर.

आम्ही निघालो तो दिवस मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा. लातूर जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको; त्या दिवशी शहर ओस पडते आणि शिवार माणसांनी भरते. औशाच्या अलीकडेच एका शेतातून हाक आली, "आवो, कुठं निघालाव? आंबील तरी घेऊन जावा!" ओळख ना पाळख. ज्वारीत कडब्याची खोप केलेली, आत पांडवांची पूजा मांडलेली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि गाडग्यातली आंबील. डॉक्टरांचे स्मरण ठेवून खिरीला मी हात जोडले. भाच्याने माझा वाटा संपवला. जीपमधून गेलो असतो तर ही हाक कानावरच आली नसती. सायकलीचा पहिला गुण हा की तिच्यावर बसलेल्या माणसाला हाक मारता येते.

औशाचा भुईकोट किल्ला बघून खरोशाकडे वळलो. तिथली लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. वेरूळ-अजिंठा काळ्या पाषाणात आहेत. खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. जांभा मऊ आणि छिद्राछिद्रांचा, म्हणून मूर्तींची झीज झाली आहे, तरी नरसिंह आणि शिवपार्वती ओळखू येतात. शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट बघावी. त्या टेकडीवरची माती तांबूस आहे आणि खाली उतरले की काळी. वरची माती पाणी धरत नाही, खालची सोडत नाही. दोन्हीकडे एकच बियाणे, एकच पद्धत कशी चालेल? हे वर्गात सांगायला मला तास लागतो. सायकलवरून उतरताना भाच्याला ते आपोआप समजले.

मुक्काम निलंग्याला झाला. पहाटे नीलकंठेश्वराच्या जुन्या दगडी देवळात दर्शन घेऊन देवणीच्या वाटेला लागलो. या वाटेवर मांजरा आडवी येते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावून ही नदी तीन राज्यांतून वाहते आणि शेवटी गोदावरीला मिळते. पुलावर टेकून आम्ही पाणी बघत उभे राहिलो. याच नदीवरच्या धरणाने तळ गाठला तेव्हा, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी असले की नदी दिसत नाही, नसले की दिसते.

पूल ओलांडून थोडे पुढे गेलो आणि भाच्याच्या मागच्या चाकाला बाभळीचा काटा लागला. सावलीसाठी आत चार किलोमीटरवरच्या एका गावाकडे सायकली ढकलत निघालो. गाव ओळखीचे वाटले. एका बांधावर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी ते सायकलवालं सायब का? मोप वर्सं झाली बगा."

मी थबकलो. तीस वर्षांपूर्वी हे गाव माझ्याकडे होते. बाई आम्हाला शेतात घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तुमी सांगितलतं, उताराला आडवं नांगरा, आडवं पेरा, बांदावर गवत राहू द्या. माज्या मालकानं तसं केलं. ते गेले, पन मी मोडलं नाही." त्यांचा बांध गवताने धरलेला होता आणि मातीत हात घातला तर कोपरापर्यंत जाईल इतकी ती खोल होती. शेजारच्या रानात मात्र उताराच्या दिशेने सरळ तास होते आणि वरच्या अंगाला मुरूम उघडा पडला होता. दोन्ही शेते एकाच उतारावर, एकाच पावसाची.

मला आनंद झाला म्हणेपर्यंत बाई पुढे बोलल्या, "मग तुमाला जीप मिळाली म्हनं. जीप आमच्या गावाला आली नाही. दुसरं काय सांगायला कुनी आलं नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, साधी हकिकत होती. सोयाबीन त्या अजून सपाटच पेरतात. रुंद वरंबा आणि सरी काढून पेरले, तर जादा पावसात पाणी सरीतून निघून जाते आणि उघडिपीत ओल टिकते, ही गोष्ट त्यांच्या कानावरच नव्हती. मी ही पद्धत किती मेळाव्यांतून सांगितली याची गणती नाही.

बंधूंनो, त्या रात्री उदगीरच्या लॉजवर मला झोप आली नाही. मी मनातल्या मनात माझी दैनंदिनी चाळली. जीप आल्यानंतरची गावे आठवली, तर बहुतेक सगळी डांबरी रस्त्याच्या काठची. प्रात्यक्षिकाचे प्लॉट कुठे घेतले? जिथे पाटी रस्त्यावरून दिसेल तिथे. जीप दिवसाला पाच गावे करते हे खरे, पण ती रस्त्यावरची पाच करते. सायकल एकच करते. मात्र ते आडवाटेचे असू शकते. यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझा आहे. साहेबपणाबरोबर मी सोय घेतली आणि सोयीबरोबर नजर गेली.

त्याच दिवशी वाटेत देवणी लागली होती. देवणी गाय म्हणजे आपल्या भागाचे भूषण. दुधालाही बरी आणि बैल कामालाही चिवट. तिचे तीन वाण जाणकार सांगतात : पांढऱ्या अंगाची आणि तोंडावर काळेपणा असलेली ती वानेरा, जवळजवळ सगळी पांढरी ती बालंक्या, आणि अंगावर काळे ठिपके विखुरलेली ती शेवरा. एका गोठ्यात मी भाच्याला तिन्ही दाखवल्या. तो बराच वेळ एका कालवडीच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, आमच्या घरची पण शेवराच की!" बावीस वर्षे ज्या गोठ्याजवळून गेला, त्यातल्या जनावराचे नाव त्याला तिथे कळले.

उदगीरच्या किल्ल्याजवळ १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. किल्ल्यातच उदागीर महाराजांची समाधी आहे. त्यांच्यावरूनच गावाला नाव पडले असे सांगतात. तिथून मुक्रमाबादकडे उतरलो की लेंडी नदीचे खोरे लागते आणि पुढे देगलूर. संध्याकाळच्या उन्हात होट्टलला पोहोचलो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली तिथली मंदिरे बघताना भाचा म्हणाला, "हे इतक्या जवळ आहे, आणि मी कधी आलो नाही." मी म्हटले, मीही कामाशिवाय आलो नव्हतो.

देगलूर ते मुखेड आणि मुखेड ते कंधार ही वाट बालाघाटाच्या फाट्यांतली. चढ आला की लाज न बाळगता उतरावे आणि सायकल ढकलावी. या माळांवर लाल कंधारी जनावरे चरताना दिसतात. अंगाने मध्यम, रंगाने गडद तांबडी आणि कमी चाऱ्यावर राबणारी. दोन नामांकित जाती आणि मधे एवढासा मुलूख! सायकलवरून दोन-तीन दिवसांत दोन्ही पाहता येतात.

कंधार मन्याडच्या खोऱ्यात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळाशी, म्हणजे दहाव्या शतकाशी, या किल्ल्याचे नाव जोडले जाते. खंदकाची रुंदी बघून छाती दडपते. गावाजवळच्या तळ्याला आजही जगत्तुंग समुद्र म्हणतात. आपण शेततळ्याच्या योजना आखतो. इथे हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी समुद्र म्हणावा एवढे पाणी अडवले होते. सहाव्या दिवशी लोह्यावरून नांदेड गाठले. गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, लंगरमध्ये पंगतीला बसलो आणि संध्याकाळी गोदावरीत पाय सोडले.

आता थोडा व्यवहार. इटलीच्या टस्कनी भागात गायोले नावाचे एक लहान गाव आहे. तिथे १९९७ सालापासून जुन्या लोखंडी सायकलींची फेरी निघते. द्राक्षमळ्यांतले पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते टिकावेत हा तिचा मूळ हेतू, आणि आता जगभरातून लोक तिथे येतात. त्या देशाने १९८५ साली कायदा करून शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवण्याची मुभा दिली. अट एवढीच की शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. आपल्या राज्यानेही २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आहे. खरोसा, होट्टल, कंधार यांच्या आसपास ज्याचे शेत आहे त्याने विचार करावा. स्वच्छ संडास, दोन खाटा, ज्वारीची भाकरी आणि दाखवायला एक देवणी गाय, एवढे भांडवल पुष्कळांकडे आहे.

ज्यांना अशी सफर करायची असेल त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. निघण्यापूर्वी महिनाभर रोज सराव करावा. ब्रेकचे रबर, साखळी आणि टायर तपासून घ्यावेत. सोबत पंप, पान्हा, ठिगळे, सोल्युशन आणि दोन जादा ट्यूब असाव्यात. बाभळीचा काटा कुणाची ओळख ठेवत नाही. उजाडताच निघावे आणि दुपारी दोन तास झाडाखाली काढावेत. अंधार पडल्यावर चालवू नये, कारण गाळपाच्या हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या धावतात आणि पुष्कळांना मागे दिवा नसतो. सायकलीला मागून चमकणारी पट्टी लावावी. ज्यांना साखरेचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेचे औषध घेणाऱ्यांनी तर गुळाचा खडा खिशात ठेवावाच, कारण श्रमाने साखर एकदम उतरूही शकते.

परत आल्यावर मी नकाशा काढला आणि डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटरपेक्षा आत असलेल्या माझ्या गावांवर लाल खुणा केल्या. खुणा एकोणीस झाल्या. आठवड्यातला एक दिवस मी आता सायकलचा ठेवला आहे. मृगापूर्वी त्या मावशींच्या बांधावरही गेलो आणि त्यांना सरी-वरंब्याची पेरणी समजावून दिली. दोन एकरांवर करून बघते म्हणाल्या. सगळ्या रानावर एकदम नको. त्यांचे बरोबर आहे. एकदा वाट बघायला लावलेल्या माणसावर एवढाच भरवसा ठेवावा.

भाचा पुण्याला गेला नाही असे मी सांगणार नाही, तो गेला. पण जाण्यापूर्वी बापाला बजावून गेला की कालवड विकायची नाही. आता दर आठवड्याला तिची चौकशी करतो.

तर मंडळी, जिन्याखालची सायकल एकदा बाहेर काढा. कोंबडीला दुसरी जागा मिळेल.